झाडूच्या ८८ पाळ्या: साताऱ्यातल्या एका तिसरीच्या वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

शाळा साताऱ्यातल्या जुन्या पेठेतली, पहिली ते चौथी, मराठी माध्यम. नाव सांगत नाही, पोरांची नावं पण बदललीत. मी तिसरीची वर्गशिक्षिका, पट ३१. पालक कोण म्हणाल तर रिक्षावाले, मंडईत भाजी विकणारे, एमआयडीसीत ठेक्यावर जाणारे, धुणंभांडी करणाऱ्या बायका, दोन-तीन जण घंटागाडीवर, एक-दोन बरी दुकानं असलेले. ज्यांना परवडतं ते इंग्लिश मीडियमला जातात, उरलेले आमच्याकडं, असं सरळ आहे. त्यामुळं आमच्यात काही भेदभाव नाही, सगळे सारखेच गरीब, असं मी पण बरीच वर्षं मानत होते.

रोज परिपाठ होतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बोधकथा. 'सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय' हे शब्द आमची पोरं न अडखळता म्हणतात, म्हणजे 'राजनैतिक'ला जरा अडखळतात, पण म्हणतात. ३ जानेवारीला निम्म्या पोरी सावित्रीबाई होऊन येतात, नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं म्हणून जरा जास्तच उत्साह असतो. सामाजिक न्याय शिकवायचं म्हटलं तर शाळेत एवढं सगळं आधीच चाललेलं असतं, आणि तरी वर्गात जे झालं ते झालंच.

शिपाई अख्ख्या शाळेला एकच, ते पण कधी ऑफिसच्या कामाला जातात. म्हणून वर्ग पोरंच झाडतात, परिपाठाच्या आधी, रोज दोघं. पाळी कुणाची ते मॉनिटर वहीत लिहिते. मी ती वही कधी उघडून बघितली नव्हती, वर्ग स्वच्छ दिसतोय ना, मग झालं.

झालं काय

सप्टेंबरचा शेवट. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची घाई, ऑफिसकडून ग्रुपवर मेसेजवर मेसेज. त्यात एक योजना आहे, साफसफाई, कातडी कमावणं, कचरा वेचणं असली कामं करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठीची, पहिली ते दहावी, आणि जातीची अट नाही. चांगली योजना आहे. कागदावर तिचं नाव काय, तर 'अस्वच्छ व्यवसायात काम करणाऱ्या पालकांच्या पाल्यांना शिष्यवृत्ती'. मी मोबाईल हातात धरून भर वर्गात वाचून दाखवलं, अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांनी उद्या दाखला आणा, आणि वर दोन पोरांची नावं पण घेतली, तारा तू आणि अमुक तू. मग बेरजेला लागले. त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा अजिबात वाटलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी वर्गात शिरले तर झाडूवरनं काहीतरी चाललेलं. पाळी ओमची होती, आणि ओम म्हणाला, "बाई, ताराला द्या की झाडू, तिच्या आईचं कामच हाय त्ये. अस्वच्छ." पाच-सहा पोरं हसली. तारा काही बोलली नाही, उठली, झाडू घेतला आणि झाडायला लागली, अगदी सवयीनं, कोपऱ्यापासून दाराकडं.

मी ओमला रागावले. असं बोलायचं नाही, सॉरी म्हण. तो म्हणाला सॉरी, मी हजेरी घेतली, संपलं. वर्गातलं एक 'प्रकरण' दोन मिनिटात मिटवल्याचं समाधान पण वाटलं असेल थोडं.

पुढच्या आठवड्यात तारा तीन दिवस आली नाही. आल्यावर मधल्या सुट्टीत एकटीच बसलेली. पाण्याच्या पिंपाजवळ एक पोरगी दुसरीला सांगत होती की ताराच्या बाटलीतलं नको पिऊ, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तोपर्यंत नाही.

मग मी वही उघडली. जुलैच्या शेवटापासनं ४४ दिवसांच्या नोंदी. रोज दोघं, म्हणजे ८८ पाळ्या. त्यातल्या ६१ पाळ्या पाच पोरांच्या नावावर, एकट्या ताराच्या १७. नऊ पोरांनी झाडू एकदाही हातात घेतला नव्हता. पाचांपैकी चौघांच्या घरी साफसफाईचं नाहीतर धुणंभांड्याचं काम. पाचवा आपला आडदांड गडी, झाडायच्या निमित्तानं बाहेर पळायला मिळतं म्हणून हौसेनं झाडू मागून घ्यायचा, त्याचा ह्यात काही संबंध नाही.

मॉनिटरला विचारलं, असं का गं? तिला प्रश्नच कळला नाही. "बाई, त्यांना चांगलं झाडता येतं म्हणून." खोटं नव्हती बोलत, तारा खरंच चांगलं झाडते. आणि मग मला फळ्याचं आठवलं. तारीख, वार, सुविचार लिहायला मी रोज ज्यांना उठवत होते ती चारच पोरं, सगळी पुढच्या बाकावरची. का, तर अक्षर चांगलं म्हणून. मॉनिटरनं झाडूला जो नियम लावला तोच मी फळ्याला लावला होता. ज्याला जे येतं त्यानं ते करावं, ऐकायला किती बरं वाटतं, आणि आठ वर्षांच्या पोराला काय येतं ते त्याच्या घरात आधीच ठरलेलं असतं.

ओमशी एकट्याशी बोलले, न रागावता. म्हटलं, अस्वच्छ म्हणजे काय रे? म्हणाला, घाण. कुणी सांगितलं तुला? तो माझ्याकडं बघत राहिला, खरंच गोंधळला. "बाई, तुम्हीच म्हणाला ना."

ताराच्या आईची गाठ

ताराची आई सकाळी सात-साडेसातला आमच्याच भागात घंटागाडीवर असते. मी लवकर निघून चौकात गाठलं. काय झालं ते सांगितलं, माझ्या तोंडून काय गेलं ते पण सांगितलं. मला वाटलेलं चिडेल. ती हातमोजे काढत म्हणाली, "बाई, ते काय नवीन न्हाय. पर माझ्या पोरीला वर्गात उभं करून काय सांगू नगा. समदे बघत्यात मग." थोड्या वेळानं म्हणाली, "आनि त्यो फारम ऱ्हाऊद्या. नगो आमास्नी."

मी म्हटलं ताई, पैसे हक्काचे आहेत. ती म्हणाली, बघू. गाडी पुढं गेली होती, ती पळत गेली.

पुढचं सगळं ठरवताना हे एक वाक्य मी समोर ठेवलं, पोरीला उभं करू नका. ते पाळणं वाटतं तेवढं सोपं नव्हतं.

काय काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे ओमला शिक्षा, किंवा परिपाठाला सगळ्यांना एक खणखणीत भाषण. मारायचा तर प्रश्नच नाही, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही बंद केलेत. पण कायदा नसता तरी उपयोग काय झाला असता? ओमनं शब्द उचलला माझा, पाळ्यांची पद्धत माझी, आणि शिक्षा ओमला. भाषणाचं म्हणाल तर भाषण ऐकताना सगळी पोरं मान वळवून ताराकडंच बघणार.

दुसरं, मोठ्या सरांनी सुचवलं. ७ नोव्हेंबर जवळ आलाय, विद्यार्थी दिवसाला बाबासाहेबांच्या शाळेतल्या पाण्याच्या प्रसंगावर नाटुकलं बसवा, आपोआप मेसेज जाईल. ह्यावर पुढं सविस्तर सांगते.

तिसरं एका ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं. १९६८ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या राइसव्हिल नावाच्या गावात जेन एलियट ह्या शिक्षिकेनं, मार्टिन ल्यूथर किंग ह्यांचा खून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, वर्गातल्या पोरांचे डोळ्याच्या रंगावरनं दोन गट केले. एक दिवस एका रंगाच्या डोळ्यांची पोरं भारी आणि दुसऱ्या रंगाची कमी, मग उलटं. तिचा वर्ग पण तिसरीचाच, म्हणून मला ते लक्षात राहिलेलं. आपल्याकडं ट्रेनिंगमध्ये हेच रिबिनी बांधून करतात, हिरवी आणि पिवळी. मोह झाला खरं सांगायचं तर, कारण असल्या प्रयोगाचे फोटो चांगले येतात. पण तिच्या वर्गात सगळी गोरी पोरं, भेदभाव कसा लागतो ते त्यांना माहीतच नव्हतं म्हणून तिला ते घडवून दाखवावं लागलं. माझ्या वर्गात ज्यांना माहीत नाही ते आणि ज्यांना रोज माहीत आहे ते एकाच बाकावर बसतात. ताराला पिवळी रिबीन बांधून मी नवीन काय शिकवणार होते? तिच्यावर ते परत एकदा करणं झालं असतं. हा पर्याय सोडला, आणि सोडला ते बरं केलं असं अजून वाटतं.

चौथं, झाडणंच बंद. पोरांनी झाडू नये, शिपायानंच करावं. बऱ्याच जणांना हेच पटतं आणि त्यात तथ्य नाही असं नाही. पण मला वाटलं, ज्या दिवशी मी झाडू काढून घेईन त्या दिवशी वर्गाला एवढंच कळेल की हे काम खरंच हलकं होतं, म्हणून बाईंनी आपल्याला सोडवलं.

पाचवं, कुणाला काही न सांगता पाळ्या बदलायच्या, रोल नंबरप्रमाणे. हे सगळ्यात सोपं आणि मी जवळजवळ तेच करणार होते. पण मग पोरांना ८८ पाळ्यांचं कळलंच नसतं.

काय केलं

तिसरीच्या गणितात चित्ररूप माहिती येते, मोजा, मांडा, तुलना करा. मी गणिताचा तास घेतला. फरशीवर खडूनं ३१ गोल काढले, नावं नाहीत, नंबर नाहीत, आणि क्रम पण मुद्दाम गुंतवून टाकलेला. किलोभर चिंचोके होते वर्गात, पहिलीच्या बाईंकडचे. एक चिंचोका म्हणजे एक पाळी. मी वहीतनं आकडा सांगायचा आणि एकेकानं येऊन तेवढे चिंचोके एका गोलात टाकायचे.

पहिल्या दहा मिनिटात काही झालं नाही, चिंचोके टाकायला मिळतात म्हणून नुसता गोंगाट. मग गोल दिसायला लागले. एकात १७ चा ढीग, एकात १३, १२, १०, ९. मध्ये मध्ये एकेक-दोनदोन. आणि नऊ गोल कोरे. आपोआप शांत झाली पोरं. एक जण म्हणाला, "बाई, ह्यो कुनाचा?" मी सांगितलं नाही. "ह्ये चीटिंग हाय," असं मागनं कुणीतरी म्हणालं. मी विचारलं, चीटिंग कशी, कुणी कुणाला फसवलं? ह्याचं उत्तर त्यांना देता येईना, मॉनिटर रडवेली झाली, तिला वाटलं तिच्यावरच चाललंय. तिला सांगावं लागलं की वही तू लिहिलीस, पण बघायचं काम माझं होतं आणि मी बघितलं नाही, आणि फळ्याचे गोल काढले तर ह्याच्यापेक्षा वाईट दिसेल आणि ती निवड तर सगळी माझीच होती. बाईंनी चूक केली हे बाईंच्या तोंडून ऐकणं पोरांना फार आवडतं, हे एक कळलं.

एक कोरा गोल आपला आहे हे ज्याचं त्याला कळत होतंच. त्यातला एक पोरगा, दुकानवाल्याचा, हळूच म्हणाला, मला कुणी सांगितलंच नाही कधी झाडायला. बरोबर होतं त्याचं. त्यानं टाळलं नव्हतं, त्याच्यापर्यंत झाडू पोचलाच नव्हता.

पुढचा नियम पोरांनीच ठरवला. एका प्लॅस्टिकच्या डब्यात ३१ चिठ्ठ्या, झाडूसाठी दोन, फळ्यासाठी एक, पिंप भरायला दोन, आणि काढलेली चिठ्ठी सगळ्यांची होईपर्यंत परत डब्यात टाकायची नाही. अक्षर वाईट असलं तरी फळा लिहायचा. पहिल्याच दिवशी सुविचारात तीन चुका होत्या आणि मी हात मागं बांधून उभी राहिले, सोपं नव्हतं हो.

मग आलं झाडता येण्याचं. कोऱ्या गोलवाल्यांना खरंच येत नव्हतं, झाडू उचलून उचलून धूळ उडवायची, कचरा इकडचा तिकडं. ओम म्हणाला, ताराला सांगूद्या की. इथं मी अडले. तारानं शिकवलं तर परत झाडू तिच्याच हातात. नाही शिकवलं तर तिला जे येतं त्याची वर्गात किंमतच नाही. तिला बाजूला घेऊन विचारलं, शिकवशील का, नको असेल तर नको. ती शिकवते म्हणाली, आणि शिकवलं पण काय, आधी पाणी शिंपडायचं, झाडू आडवा धरायचा, बाकाखालचं आधी, मग सुपलीत भरायचं. दोन दिवस ती बाईसारखी कमरेवर हात ठेवून उभी होती. मला बघून आनंद झाला आणि त्याच वेळी मनात टोचत पण राहिलं, ते अजून टोचतं. तिला फळ्यावर अक्षर गिरवायला कुणी शिकवलं का? ते मी दिवाळीनंतर सुरू केलं, खरं म्हणजे दोन्ही एकाच दिवशी करायला पाहिजे होतं.

पालकांचं

तिसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज: 'मुलांना शाळेत झाडू मारायला पाठवतो का?' त्यावर आठ अंगठे. गंमत बघा, जुलैपासनं झाडू चालूच होता, तेव्हा एकही मेसेज नव्हता. एका आईनं मुलीच्या दम्याचं सांगितलं, ते खरं होतं. तिला फळा पुसायला दिलं असतं तर खडूची धूळ, म्हणून कुंड्यांना पाणी दिलं. एक जण म्हणाले, मुलींना द्या, मुलगा घरात पण झाडत नाही. हे त्यांनी अगदी मनापासून लिहिलेलं, त्यात काही वाईट आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

मोठे सर म्हणाले, वाद नको, मागं घ्या. मी म्हटलं एक पालकसभा घेऊ आणि मग ठरवू. सभेला पंधरा-सोळा जण आले. मी गोलाचा फोटो दाखवला, नावाशिवाय. थोडी कुजबुज झाली. मी कर्मवीर अण्णांचं, म्हणजे रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांचं सांगायला सुरुवात केली, की १९२४ साली ह्याच साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातीधर्माच्या पोरांचं वसतिगृह काढलं, पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, कामं पण सगळ्यांनी मिळून, आणि १९२७ ला गांधीजी येऊन गेले. माझं ते भाषण पडलंच असतं, कारण अण्णांचं नाव साताऱ्यात सगळ्या सभांत घेतात आणि ऐकणारे घड्याळ बघतात. तेवढ्यात मागं बसलेले एक आजोबा उठले, नातवाला न्यायला आले होते. "मी रयतच्या बोर्डिंगात राहून शिकलो. कमवा आणि शिका. खराटा मारलाय, संडास धुतलेत, पाळीनं. पाटलाच्या पोराची पाळी आली की पाटलाच्या पोरानं धुवायचा. तलाठी म्हणून रिटायर झालो, काय बिघडलं नाय." आणि बसले. त्यांना कुणी उलट बोललं नाही.

ते आजोबा आले नसते तर? हा प्रश्न मी स्वतःला विचारलाय. तर बहुतेक मी मागं घेतलं असतं. त्यामुळं हा माझा विजय वगैरे नाही, त्या दिवशी नशिबानं हात दिला एवढंच.

सात नोव्हेंबर

त्या वर्षी दिवाळी लवकर आलेली म्हणून सात तारखेला शाळा भरलेली होती. हा दिवस २०१७ पासनं राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून होतो, पण मूळ साताऱ्याचं. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव इथल्या सरकारी शाळेत घातलं, आजचं राजवाड्याजवळचं प्रतापसिंह हायस्कूल. रजिस्टरला नाव भिवा रामजी आंबेडकर, नंबर १९१४.

नाटुकल्याचं ठरलंच होतं. भिवा कोण, ह्यावर एक सहकारी गुरुजी म्हणाले, तुमच्याकडची अमुक तमुक पोरं आहेत की, त्यांना द्या, खरं वाटेल. मनानं चांगले आहेत ते, त्यांना तो त्या पोरांचा मानच वाटत होता. पण आठ वर्षांच्या पोराला सगळ्या शाळेपुढं गोणपाटावर वेगळं बसवायचं, कुणीतरी वरनं ओंजळीत पाणी ओतायचं, आणि दुसऱ्या दिवसापासनं मधल्या सुट्टीत सगळे तोच खेळ खेळणार. मी नाही म्हणाले. दुसऱ्या कुणाला भिवा केला तर तो चार दिवस 'लांब हो लांब हो' ऐकणार आणि बाकीची पोरं ते म्हणायला शिकणार. नाटकात आपल्या पोरांना वाईट माणसाचं पात्रच जास्त आवडतं, हे कुठल्याही प्राथमिकच्या शिक्षकाला विचारा.

म्हणून नाटक नाही, गोष्ट. सगळ्या शाळेपुढं नाही, माझ्याच वर्गात. मसूर स्टेशनची गोष्ट, जी बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलीय. १९०१ चा सुमार, नऊ-दहा वर्षांचा भिवा, भाऊ आणि भाचे, साताऱ्याहून खटाव तालुक्यात गोरेगावला वडिलांकडं निघालेले, वडील तिकडं तळ्याच्या कामावर खजिनदार. पत्र नोकरानं वडिलांना दिलंच नाही म्हणून न्यायला कुणी आलं नाही. नवे कपडे घातलेली पोरं, स्टेशनमास्तर आधी चांगला बोलला, जात कळल्यावर मागं सरला. एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी एक तयार झाला, भाडं दुप्पट, आणि गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. बरोबर डबा होता पण रात्रभर पाणी मिळालं नाही.

मी मध्ये मध्ये थांबून विचारत होते, आता पोरांनी काय करावं? फोन करावा. पोलिसाला सांगावं. रिक्षा बोलवावी. मसूर बऱ्याच जणांना माहीत, एकीचं आजोळच तिकडं, ती म्हणाली आमच्या मसूरला असं नसतं बाई. दुप्पट भाड्याचं ऐकून ओम उभाच राहिला, त्याचा बाप रिक्षा चालवतो. "दुप्पट पैशे चालले त्याला, पोरं नाय चालली?" नंतर शाळेतल्या पाण्याचं सांगितलं, की नळाला हात लावायचा नाही, शिपायानं नळ सोडला तर पाणी. एकीनं विचारलं, शिपाई रजेवर गेला तर? म्हटलं मग पाणी नाही. सगळ्यांनी आपापल्या बाटल्यांकडं बघितलं. मी पुढं काही बोलले नाही, बोलायचं जिभेवर आलेलं.

एक गोष्ट मात्र चुकली. स्टेशनमास्तरला काय कळलं ते सांगताना मी नुसतं 'जात' म्हणाले, कुठली ते सांगितलं नाही. मला ते नाव वर्गात घ्यायचं अवघड वाटलं. तर एक पोरगं ताठ मानेनं म्हणालं, "बाई, आमची. आम्ही जयभीमवाले." आणि मी, हो हो, बरं बरं, करून पुढं गेले. ज्या पोराच्या घरी १४ एप्रिलला गुलालात नाचतात त्याला त्या नावाची लाज नाही, लाज मला होती. आणि ती त्याला दिसली असणार.

काय निष्पन्न झालं

चिठ्ठ्यांचा डबा फेब्रुवारीपर्यंत नीट चालला. मग स्नेहसंमेलन आलं, तालमी, डेकोरेशन, आणि आठवडाभर झाडू परत 'ज्यांना येतं' त्यांच्याकडं. ह्यावेळी मात्र पोरांनीच ओरडून सांगितलं, बाई चिठ्ठी काढली नाय. ओम झाडतो, म्हणजे कचरा दारामागं सारतो. ताराची हजेरी डिसेंबरपासनं पहिल्यासारखी झाली. अक्षर सुधारलं, अजून तिरकं जातं. दुकानवाल्याच्या पोराच्या आईनं सांगितलं की तो घरी पण झाडू मागतो आणि आजी रागावते.

बाटलीचं सुटलं नाही. कुणी कुणाच्या बाटलीतलं प्यावं हे मी सांगू शकत नाही, खोकला-सर्दीच्या दिवसात तर नाहीच. तारा आता दोघीतिघींबरोबर बसते. बाकीच्यांच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही.

फॉर्म भरलाच नाही त्यांनी. दोनदा गेले, घरी पण जाऊन आले, चहा झाला, कागद काढू म्हणाल्या, मुदत गेली. माझ्या एका वाक्यापायी त्या पोरीचे वर्षाचे पैसे गेले, हे सगळ्या चिंचोक्यांनी भरून येत नाही.

परत करायचं झालं तर

शिष्यवृत्तीचं वर्गात काहीही वाचायचं नाही, हे आता पक्कं. कुठल्याच योजनेचं नाही. यादी आली की मी पालकांना एकेकट्याला फोन करते, फॉर्म बंद पाकिटात जातो, आणि दाखल्याला काय काय लागतं ते मीच विचारून ठेवते. वेळ जातो, तीन-चार संध्याकाळी. योजनेच्या नावातला तो शब्द मी बदलू शकत नाही, पण आठ वर्षांच्या पोरांपुढं तो माझ्या तोंडून जायची गरज नाही.

पाळ्यांची वही जूनमध्येच उघडायची, सप्टेंबरमध्ये नाही. आणि झाडूबरोबर फळ्याची पण.

ताराच्या आईला मी वर्गात काय झालं ते आधी सांगितलं, पण चिंचोक्यांचा तास झाल्यावर परत जाऊन सांगितलं नाही. तिला ते तारानंच सांगितलं, कसं सांगितलं असेल देव जाणे. परत जायला पाहिजे होतं. बाकी चार पोरांच्या घरी तर मी गेलेच नाही, कारण प्रकरण ताराचं झालं, त्यांचं नाही. एकूण चिंचोके त्यांचेच जास्त होते, ४४.

मॉनिटरबद्दल पण वाटतं. आठ वर्षांच्या पोरीला मी माझ्या कामाची वही दिली आणि मग सगळ्यांपुढं ती मोजायला काढली. तिच्याशी आधी एकटीशी बोलून घेतलं असतं तर ती रडवेली झाली नसती.

तो वर्ग आता चौथीत गेला. डबा मी चौथीच्या सरांकडं दिला, पद्धत समजावून सांगितली, ते बघू म्हणाले. जूनच्या शेवटी काहीतरी मागायला त्यांच्या वर्गात गेले तर डब्यात खडू ठेवलेले. चिठ्ठ्या कुठं म्हणून विचारलं तर तारानं दप्तराचा पुढचा कप्पा उघडून रबर लावलेला गठ्ठा दाखवला. म्हणाली, एकतीसच्या एकतीस हायत, मोजल्यात मी.